स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण वही आहे ना

आमची आजी कुणाचं काही चुकलं की म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि तीच रात्री वाल्या कोळ्याचा वाल्मिकी कसा झाला ते रंगवून सांगायची, दोन्ही एकदम खरं कसं हे विचारायची हिंमत कधी झाली नाही.

चांगुलपणा जन्मतःच येतो का यावर शास्त्रज्ञांचं पण तळ्यात मळ्यात चालूय. २००७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ६ आणि १० महिन्यांच्या बाळांना डोळे लावलेले लाकडी ठोकळे दाखवले, चढ चढणाऱ्या ठोकळ्याला एक मदत करणारा आणि एक ढकलून देणारा, तर बहुतेक बाळांनी मदतवाला उचलला. २०२४ मध्ये बऱ्याच लॅबनी मिळून तेच मोठ्या प्रमाणात करून बघितलं तर तसा कल काही दिसला नाही. म्हणजे निकालाची वाट बघत बसू नका, आपलं काम चालू करा.

एक साधी वही घ्या. ही आयडिया बेंजामिन फ्रँकलिनची, म्हणजे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एकाची. त्याने १३ गुण लिहून काढले, आठवड्याच्या वारांचे ७ रकाने पाडले, चुकलं की काळा ठिपका, आणि दर आठवड्याला जोर एकाच गुणावर, म्हणजे वर्षात ४ फेऱ्या होतात. टापटीप त्याला शेवटपर्यंत जमली नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. पण मला खटकतं ते वेगळंच, याच माणसाकडे गुलाम होते आणि १३ गुणांत त्याचा रकाना नव्हता (म्हातारपणी मात्र तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला).

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, आपला रकाना आपण ठरवायचा नाही, घरच्यांना विचारायचं. मी 'राग' लिहिणार होतो, बायको म्हणाली राग कसला, तू साहेबांशी गोडगोड बोलतोस आणि वॉचमनवर खेकसतोस, ते लिही. झोंबलं, पण लिहिलं.

'चांगलं वागायचं' असलं मोघम लिहू नका, ठिपका द्यायचा की नाही हे एका सेकंदात कळलं पाहिजे. दोन आठवड्यांनी ठिपके कधी पडतात ते बघा, माझे जवळपास सगळे संध्याकाळी सात ते आठमधले निघाले, म्हणजे स्वभाव थोडा आणि भूक जास्त. आता ऑफिसमधून निघतानाच शेंगदाणे खातो.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा, लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि त्यात पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या सवयी पण होत्या.

ठिपका पडला की त्याच दिवशी जाऊन सॉरी म्हणायचं, त्यात 'पण' आला की अजून एक ठिपका.

माझा अकरावा आठवडा चालूय. गुरुवारी तीन पडले, पार्किंगवरून.