ट्रंकेतला एअर इंडियाचा कागद: साल कसं ओळखायचं आणि कागद कसा जपायचा

सोलापुरातल्या एखाद्या घरात माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली की लग्नपत्रिका आणि जुन्या पासबुकांच्या खाली कधी कधी एअर इंडियाचा एखादा कागद निघतो. आखातात नोकरीला गेलेल्या काकांचं तिकीट, बॅगेला बांधलेला टॅग, विमानात मिळालेलं मेनूकार्ड, नाहीतर नुसतं महाराजाचं, म्हणजे कंपनीच्या मिशीवाल्या शुभंकराचं, चित्र असलेलं पाकीट. पहिला प्रश्न असतो तो सालाचा, आणि नेमकं तेच त्यावर नसतं. बोर्डिंग पासवर तारीख आणि महिना असतो, साल सहसा नसतं. तरी साल काढता येतं, कारण या कंपनीनं आपलं नाव, बोधचिन्ह आणि विमानं ठरावीक तारखांना बदलली आहेत. तेवढ्या तारखा हाताशी असल्या की बहुतेक कागद दोन-चार वर्षांच्या फटीत बसवता येतो.

एक वही घ्या आणि प्रत्येक कागदासाठी दोन रकाने आखा: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. कागदावरची एकेक खूण पाहून त्या त्या रकान्यात साल लिहीत जायचं. शेवटी पहिल्या रकान्यातलं सगळ्यात उशिराचं आणि दुसऱ्यातलं सगळ्यात आधीचं साल धरलं, की त्या दोहोंच्या मधला काळ तो त्या कागदाचा. एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका. जुनी छापील स्टेशनरी संपेपर्यंत वापरली जाते, त्यामुळे नाव बदलल्यावरही काही महिने जुन्या नावाचे कागद फिरत राहतात. ‘नंतरचा नाही’ या रकान्यात म्हणूनच वर्षभराची सूट धरावी.

सुरुवात नावापासून करा. १५ ऑक्टोबर १९३२ला टाटांची टपालसेवा सुरू झाली आणि १९३८पासून तिचं नाव टाटा एअरलाइन्स झालं. या काळातला कागद घरात सापडणं फार दुर्मीळ. सापडलाच तर टपालाचं पाकीट सापडेल. २९ जुलै १९४६ला एअर इंडिया ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. ८ मार्च १९४८ला परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी निघाली, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. १ ऑगस्ट १९५३ला राष्ट्रीयीकरण झालं. ८ जून १९६२ला नावातला ‘इंटरनॅशनल’ गळाला. म्हणजे कागदावर कंपनीच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर तो १९४८ ते १९६२ मधला, वर सांगितलेली वर्षभराची सूट तेवढी धरून. नुसतं ‘एअर इंडिया’ असेल तर मात्र सावध राहा. तो १९६२ नंतरचा असू शकतो, पण १९४६ ते १९५३ या काळातला देशांतर्गत सेवेचाही असू शकतो. अशा वेळी मार्ग बघायचा. गावं सगळी भारतातली असतील आणि भाडं रुपये-आण्यांत असेल, तर तो जुना.

आण्यांची खूण फार उपयोगी आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, त्यामुळे ‘नवे पैसे’ छापलेला कागद त्याच्या आधीचा असूच शकत नाही. तसाच पिनकोड. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला; त्याआधी पत्त्यात ‘बॉम्बे-१’ असा विभागाचा आकडा यायचा. गावांच्या नावांचंही तेच: बॉम्बेचं मुंबई १९९५ला झालं, मद्रासचं चेन्नई १९९६ला, कलकत्त्याचं कोलकाता २००१ला. तिकिटावरचा तीन अक्षरी ‘बीओएम’ हा कोड मात्र आजही तोच आहे, त्यावरून काही ठरवू नका.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इंडियन एअरलाइन्सशी. १९५३ला देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून देशांतर्गत उड्डाणांसाठी ती बनवली होती आणि २००७पर्यंत ती एअर इंडियापेक्षा वेगळी होती. १९७०च्या दशकातलं मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-नागपूर तिकीट बहुधा तिचंच असतं, घरातले सगळे ‘एअर इंडियाचं’ म्हणत असले तरी. उड्डाण क्रमांकाची दोन अक्षरं पाहा: ‘एआय’ म्हणजे एअर इंडिया, ‘आयसी’ म्हणजे इंडियन एअरलाइन्स. विलीनीकरण २००७ला झालं खरं, पण ‘आयसी’ फेब्रुवारी २०११पर्यंत चालू राहिलं. एअर इंडियाच्या तिकीट क्रमांकाची सुरुवात ०९८ या आकड्यानं होते, ही आणखी एक पडताळणी. डिसेंबर २००५ ते विलीनीकरण या थोड्या काळात इंडियन एअरलाइन्सनं फक्त ‘इंडियन’ असं नाव लावलं होतं, त्यामुळे तसा कागद सापडला तर सालाचं काम लगेच झालं.

बोधचिन्ह तीन पाहायला मिळतात. धनुष्य ताणलेला अर्धा माणूस, अर्धा घोडा, म्हणजे धनू राशीची आकृती: २००७पर्यंत. उडता लाल हंस आणि त्याच्या अंगात नारिंगी कोणार्क चक्र: २००७ ते २०२३. खिडकीच्या चौकटीवरून घेतलेलं सोनेरी-लाल नवं चिन्ह: १० ऑगस्ट २०२३पासून. महाराजावरून मात्र साल काढू नका. एअर इंडियाचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो १९४६ला उभा केला आणि तेव्हापासून तो सगळ्या काळांत दिसत राहिला. महाराजाच्या मूर्तीचं वय ठरवायचं असेल तर तिच्या बुडाशी कंपनीचं नाव कसं लिहिलंय ते पाहा.

विमानाचं नाव छापलेलं असेल तर नशीब उघडलं म्हणायचं. ८ जून १९४८ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेलं पहिलं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान ‘मलबार प्रिन्सेस’, तिच्या बहिणी ‘राजपूत प्रिन्सेस’ आणि ‘मोगल प्रिन्सेस’. नंतरची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं ‘राणी’, जसं ‘रानी ऑफ झांसी’. १९६०पासून आलेल्या बोइंग ७०७ला हिमशिखरांची नावं: नंदादेवी, गौरीशंकर, कांचनजंगा. १९७१पासूनच्या ७४७ला सम्राटांची, पहिलं ‘एम्परर अशोक’. १९९०च्या दशकातल्या ७४७-४००ला कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा अशी वारसास्थळांची. काही नावांना शेवटची तारीखही आहे. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५०ला माँ ब्लाँवर आदळलं. त्याच डोंगरावर २४ जानेवारी १९६६ला ‘कांचनजंगा’ पडलं, त्यात डॉ. होमी भाभा होते. ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ला वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं, ‘एम्परर कनिष्क’ २३ जून १९८५ला अटलांटिकवर बॉम्बस्फोटात गेलं आणि ३२९ माणसं मेली. ही नावं असलेला कागद नोंदवताना वहीत अपघाताची तारीखही लिहा. पुढे तो बघणाऱ्याला तो नुसता जुना कागद वाटता कामा नये.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा वेळापत्रकाची घडी हातात आली आहे. नाव नुसतं एअर इंडिया, म्हणून १९६२च्या आधीचं नाही. मार्ग परदेशी, त्यामुळे जुन्या देशांतर्गत कंपनीची शंका मिटली. आत एका ओळीत ७४७ विमान आहे, म्हणून १९७१च्या आधीचं नाही. मागच्या पत्त्यात पिनकोड नाही, म्हणून १९७२च्या आसपासचं किंवा थोडं नंतरचं, कारण पिन सगळीकडे छापला जायला वेळ गेला. पत्ता नरीमन पॉइंटच्या एअर इंडिया बिल्डिंगचा नाही. ती इमारत १९७४ला सुरू झाली. वहीत लिहायचं: १९७१ ते १९७४, बहुधा १९७१-७२. ‘बहुधा’ हा शब्द खोडू नका.

आठवड्याचा वार हाती लागला तर फट आणखी बारीक होते. बोर्डिंग पासवर ‘८ जून’ असेल आणि सोबतच्या पत्रात मंगळवारचा उल्लेख असेल, तर ठरलेल्या फटीतली कोणती ८ जून मंगळवारी येते ते जुन्या पंचांगात पाहायचं.

पाकिटांबद्दल थोडं. भारत-इंग्लंड विमानसेवेसाठी टपालखात्यानं २९ मे १९४८ला १२ आण्यांचं खास तिकीट काढलं, त्यावर कॉन्स्टेलेशन आहे. ते चिकटवलेलं पाकीट निघालं तर तिकीट सोडवून घेण्याचा मोह अजिबात नको. तिकीट, शिक्का आणि पाकीट मिळूनच त्याला अर्थ आहे. शिक्क्याची शाई तिकिटावरून सलग पाकिटावर उतरलेली असली पाहिजे. रेघ तिकिटाच्या कडेशी तुटत असेल तर तिकीट नंतर लावलेलं असू शकतं. पाठीमागे पोचल्याचा शिक्का शोधा, मग उड्डाणाची तारीख आणि पोचल्याची तारीख जुळते का ते पाहा.

आता जपणूक, आणि इथे सोलापूरची हवा लक्षात घ्यावीच लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडीठाक. अशा हवेत घडी घातलेला कागद पापडासारखा कडक होतो आणि दुपारी उघडायला गेलात तर घडीवरच तुटतो. पत्र्याखालचा माळा ही कागद ठेवायची सगळ्यात वाईट जागा. वरच्या मजल्यावरचा स्लॅबलगतचा कप्पाही तसाच. घराच्या आतल्या भिंतीजवळचं, बाहेरचं ऊन न लागणारं कपाट निवडा आणि जमिनीपासून वीतभर वरचा कप्पा घ्या.

कडक झालेली घडी उघडायची असेल तर आधी कागदाला थोडी ओल द्या. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं ठेवा, त्यावर दोन इंच उंचीची जाळी, आणि जाळीवर कागद. पाण्याचा थेंब कागदाला लागता कामा नये. झाकण लावून दोन तास थांबा, मग दर अर्ध्या तासानं बघा. कागद मऊ पडला की घडी हळूच उलगडून दोन टीपकागदांमध्ये ठेवा आणि वर सपाट फळी व पुस्तकांचं वजन देऊन दोन दिवस सोडा. शाईचा शिक्का किंवा शाईच्या पेननं लिहिलेला मजकूर असेल तर हे करू नका, शाई पसरते. कार्बनवालं तिकीटही त्या डब्यात घालायचं नाही.

जुन्या विमान तिकिटांची चिमुकली पुस्तिका हाताळताना बोटं लाल झाली तर घाबरू नका. प्रत्येक कुपनच्या पाठीला लाल कार्बन असतो. वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यावर तो पुढच्या पानावर उतरतो आणि तिथलं नाव वाचता येईनासं होतं. म्हणून प्रत्येक पानामध्ये पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा सरकवा, पुस्तिका आडवी ठेवा, तिच्यावर वजन ठेवू नका. स्टेपलरची पिन गंजलेली असेल तर ओढून काढू नका. मागच्या बाजूनं तिचे दोन्ही पाय पातळ सुरीनं सरळ करा आणि मग पुढून उचला. १ जून २००८पासून जगभर ई-तिकीट सक्तीचं झालं, त्यामुळे अशी पुस्तिका आता नव्यानं तयार होणार नाही.

गुंडाळायला काय? आपल्याकडे हाताशी चादर असते, पण रंगीत चादरीत कागद बांधू नका. पावसाळ्यात ओल धरली तर रंग उतरतो. चाटी गल्लीच्या कापडबाजारातून कोरा मांजरपाट आणा आणि वापरण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. यंत्रमागाच्या गावात हे वेगळं सांगायला नको, पण खळ राहिली की कसर तिच्यावर येते आणि कापडावरून कागदावर जाते. डांबर गोळ्या प्लास्टिकच्या पाकिटाला किंवा छापील रंगाला लागू देऊ नका. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल या तिन्ही गोष्टी कायमचं नुकसान करतात. टेप काही वर्षांत पिवळी होऊन निघते, पण तिचा चिकट डाग कागदातच राहतो. वास येणारे मऊ प्लास्टिकचे अल्बमही टाळा; पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागून घ्या. नोंद करायची ती मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, कागद कडक पृष्ठावर ठेवून.

स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या, किमान ६०० डीपीआय, शेजारी मोजपट्टी ठेवून. फाइलला नाव देताना आधी काळ, मग वस्तू: ‘१९७१-१९७४ वेळापत्रक’. असं केलं की संगणकावर सगळं आपोआप कालक्रमानं लागतं.

शाळेत किंवा वाचनालयात मांडणी करायची असेल तर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली जानेवारीची हवा बरी, पण मूळ कागद भिंतीवर लावू नका. रंगीत प्रती लावा, मूळ कपाटात राहू द्या. प्रतींखाली माहितीच्या ओळी लिहिताना तीन चुका हमखास होतात. पहिली, ‘जेआरडींनी कराचीहून मद्रासला विमान नेलं’. ते पस मॉथ हे छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आले. तिथून बळ्ळारीमार्गे मद्रासला विमान नेलं ते त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. दुसरी, ‘ते विमान सोलापूरवरून गेलं’. नकाशावर मुंबई ते बळ्ळारी दोरा ताणून बघा, तो सांगली जिल्ह्यावरून जातो. सोलापूर पूर्वेला बरंच लांब राहतं. आपल्या गावाचं नाव यावं असं वाटणं साहजिक आहे, पण दोरा तसं म्हणत नाही. तिसरी, सगळ्याच काळाला ‘सरकारी’ म्हणणं. पूर्ण सरकारी मालकी १९५३ ते २७ जानेवारी २०२२. त्या दिवशी कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. आधीची पाच वर्षं परदेशी सेवेत सरकार भागीदार होतं, आणि त्याही आधी ती पूर्ण खासगी होती.

आजचे कागदही आजच जपायला घ्या. ९ जून २०२५पासून होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुटू लागलं. ते एअर इंडियाचं नाही, म्हणून त्याची फाइल वेगळी ठेवा. अलीकडचे बोर्डिंग पास बहुतेक वेळा उष्णतेनं छापणाऱ्या कागदावर असतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला असा पास काळा पडतो, नाहीतर त्यावरची अक्षरं विरून जातात. घरी आल्याबरोबर साध्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा, तिच्यावर पेन्सिलीनं पूर्ण साल लिहा आणि दोन्ही एकाच पाकिटात, पण मध्ये कोरा कागद घालून ठेवा.