सायकलच्या फ्रेमचा सैल सांधा : माझा अनुभव
चोर्ला घाट चढून परत येताना हातबनावटीच्या क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) सायकलीतून कटकट येऊ लागली. पेडल बदलले, बीबी (पेडलांच्या मधला बेअरिंगचा आस) आवळले, फरक नाही. रंग खरवडल्यावर कळले: चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) बीबी शेलच्या, म्हणजे बीबी बसते त्या जाड नळकांड्याच्या, सॉकेटमध्ये हलत होता. जोडताना पितळ आतपर्यंत पोचलेच नव्हते.

गल्लीत सगळे म्हणाले, आर्क वेल्डिंग मार. मला पटेना. नळीची जाडी मिलिमीटरपेक्षा कमी, भोकच पडायचे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात गॅस ब्रेझिंग (नळी न वितळवता पितळ वितळवून सांधा जोडणे) करणाऱ्या मामांकडे गेलो. "घाई नको बघ, आधी स्वच्छ कर," ते म्हणाले. गंज, ग्रीस काढून एमरीने धातू चकचकीत केला, फ्लक्स (तापलेला धातू स्वच्छ ठेवणारा लेप) लावला. ज्योत सतत फिरती. जाड शेलवर जास्त, पातळ नळीवर कमी. पितळेची कांडी ज्योतीत धरायचीच नाही. सांधा सुमारे ९०० अंशांना तापला की कांडी नुसती टेकवायची, पितळ आपणहून फटीत ओढले जाते. काय सुंदर दिसते ते!

पाणी न मारता गार होऊ दिले, मग गरम पाण्याने फ्लक्स धुतला. शेवटी फ्रेम सरळ आहे का पाहायला एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) हेडट्यूबला (हँडलखालची पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला, सीटट्यूबपासूनचे (सीटखालची नळी) अंतर दोन्हीकडे मोजले. २ मिमी फरक होता. मागचा भाग हळूहळू वाकवून सरळ केला. आता प्रायमर सुकतोय.