पेठेचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

आपल्या पेठेचा इतिहास गोळा करणारी हौशी मंडळी पुण्यात गल्लोगल्ली भेटतात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. वाडे पाडले जातायत, जुनी माणसं जातायत. आत्ता टिपलं नाही तर पुढे सांगणारं कुणी उरणार नाही. मात्र माहिती कुठून मिळाली हे न लिहिता ती पुढे पाठवली, की पाच जणांच्या तोंडून फिरून तीच आपल्याकडे 'पुरावा' म्हणून परत येते. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

प्रत्येक बोगदा म्हणजे भुयार नव्हे

रस्ता खोदताना दगडी कमान दिसली की 'शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारं गुप्त भुयार' संध्याकाळपर्यंत गावभर होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं, ते जमिनीखालच्या बांधीव नळातून, निव्वळ उतारावर. हा नळ काही ठिकाणी माणूस चालत जाईल एवढा उंच आहे. काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण रोज घेतो, ते याच पाण्याचे हौद. त्यामुळे कमान दिसली तर आधी आत बघा: भिंतींवर पाण्याच्या पातळीची रेघ आहे का, चुन्याचा गिलावा आहे का, तळाचा उतार कुठल्या दिशेला आहे, जवळपास हौद किंवा विहिरीसारखा उभा झरोका आहे का. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा टेप धरा. काम बुजवलं गेल्यावर हे परत बघायला मिळत नाही. पाणी कसं आणलं ही खरी गोष्ट भुयाराच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे, ती झाकली जाऊ नये.

शकात सरसकट ७८ मिळवू नका

शक गुढीपाडव्याला बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. ७८ मिळवले तर १७६० येतं, खरी तारीख १४ जानेवारी १७६१. पेशवाई कागदांवर अनेकदा अरबी अंकनावांनी अक्षरांत लिहिलेला सुहूर सन (त्या काळची आणखी एक कालगणना) असतो, उदाहरणार्थ 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. तो मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. शिलालेख किंवा कागद वाचलात तर मूळ मिती जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन कंसात द्या. आपलं गणित चुकलं तरी दुसऱ्याला ते दुरुस्त करता येतं.

कागद सापडत नाही?

बहुतेकदा आपण आजच्या नावाने शोधत असतो. बुधवार पेठ पूर्वी मोहियाबाद होती, शुक्रवार पेठ विसापूर, सोमवार पेठ शहापूर, गुरुवार पेठ वेताळ पेठ. १८८६ साली सुरू झालेली मंडई जुन्या कागदांत 'रे मार्केट' म्हणून येते, तिला महात्मा फुल्यांचं नाव नंतर मिळालं. वाड्याचा शोध घेताना मालकाच्या आडनावावर विसंबू नका, वाडे विकले जातात. प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर आधी मिळवा आणि तिथून एकेक धारक मागे मागे जा. सिटी सर्व्हेच्या आधीचं बहुतेक मोडी लिपीत असतं. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, म्हणून नाव वाचलंय असं वाटलं तरी मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

'साधारण किती साली?' असं विचारू नका

आजी-आजोबांना साल आठवत नाही, घटना आठवते. 'पानशेतच्या पुराआधी की नंतर?' असं विचारलं की १२ जुलै १९६१ ची खूण हातात येते. कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) आणि बहात्तरचा दुष्काळ याही तशाच भरवशाच्या खुणा. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. स्वतः पाहिलेलं आणि वडिलांकडून ऐकलेलं वेगळं नोंदवा. 'प्लेगात आमचा वाडा ओस पडला होता' हे १९४० साली जन्मलेल्या काकू सांगतात तेव्हा ते मोलाचंच आहे, फक्त ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

फोटोंबाबत एकच सांगते. 'सात मजली शनिवारवाड्याचा दुर्मिळ फोटो' असं काही आलं तर पुढे पाठवू नका. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या आणि छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये.

शेजाऱ्यांनी विश्वासाने दाखवलेलं खरेदीखत किंवा वाटणीपत्र त्यांना विचारल्याशिवाय छापू नका, भाऊबंदकीचे दावे अजून चालू असू शकतात.

आणि आपली चूक लक्षात आली तर मजकूर गुपचूप बदलू नका. आधी काय लिहिलं होतं, आता काय बदललं, कुठल्या कागदामुळे बदललं, हे तारीख घालून त्याच वाचकांना कळवा. जुना मजकूर उतरवून घेतलेला कुणीतरी असतोच.