कपाशीचे पान पाहून पांढऱ्या माशीचा अंदाज कसा घ्यावा

पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते, तिथेच अंडी घालते आणि तिची पिल्लेही तिथेच चिकटून रस शोषतात. म्हणून कपाशीचा कोणता वाण तिला सोयीचा, हे पान उलटल्याशिवाय कळत नाही.

आधी लव पाहा. झाडाच्या वरच्या भागातले पूर्ण उमललेले पान तोडा, उलटे करून उन्हात तिरपे धरा. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तम. दाट, लांब लव असली की तुडतुड्यांना (रस शोषणारी दुसरी कीड) शिरांमध्ये अंडी घालणे अवघड जाते, म्हणूनच आपल्याकडे लवदार वाण निवडले गेले. पांढऱ्या माशीचे मात्र उलटे आहे. केसांच्या बुडाशी तिच्या अंड्यांना आडोसा मिळतो आणि तिच्या पिल्लांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांना शोध घेणे जड जाते. गुळगुळीत पानांवर माशी सहसा कमी, पण तुडतुडे जास्त. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू कपाशीत तुडतुड्यांचा त्रास मोठा, त्यामुळे केवळ माशीच्या भीतीने मी लवदार वाण सोडणार नाही. त्या वावरात पाहणीच्या फेऱ्या वाढवीन.

मग पानाचा आकार. भेंडीसारखी खोल कातरलेली पाने असलेल्या झाडात ऊन-वारा खेळतो, आत दमटपणा राहत नाही आणि माशी कमी टिकते. रुंद पानांची कपाशी दाटली की उलट होते.

पान बोटांत चोळूनही पाहा. माशीला सोंड पानातल्या अन्नरसाच्या नळ्यांपर्यंत न्यावी लागते. जाड पानात हे अंतर वाढते, पातळ लुसलुशीत पानात कमी होते. युरिया जास्त पडला की पाने नेमकी अशीच कोवळी, हिरवीगार राहतात. म्हणून नत्र शिफारशीइतकेच, तेही हप्त्यांनी द्या.

आता मोजणी. सकाळी लवकर माश्या सुस्त असतात, तेव्हाच जा. शेतात तिरपे चालत 20 झाडे निवडा, प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे पान हळूच उलटा. माश्या वरच्या कोवळ्या पानांवर, तर मोठी पिल्ले मधल्या-खालच्या पानांवर सापडतात. सरासरी पानामागे 8 ते 10 माश्या किंवा 20 पिल्ले भरली तरच फवारणीचा विचार करा. पाने चिकट किंवा काजळी धरल्यासारखी काळी दिसली, तर मोजायला उशीर झाला असे समजा.

त्याआधी पिवळे चिकट सापळे लावा, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके टाळा, त्यांनी मित्रकीटक मरतात आणि माशी उसळते. 2015 मध्ये पंजाबात या माशीने कपाशीची दैना केली, तेव्हा फवारण्या काही कमी झाल्या नव्हत्या. औषध कोणतेही असो, नोझल खालून वर धरा. लवदार, दाट कपाशीत वरून मारलेला फवारा माशीपर्यंत पोचतच नाही.

मोजणीच्या वहीत वाणाचे नाव आणि पानाचा प्रकारही लिहा, पुढच्या खरिपात बियाण्याची पिशवी निवडताना ते पान उघडा.