सिगरेट सुटली ती जोडीदार मिळाला म्हणून

ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघांनी एकाच दिवशी सिगरेट सोडायचं ठरवलं, आणि खरं सांगतो एकट्याने मला जमलंच नसतं. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, चिडचिड, झोप नाही, डोकं जड, पण निकोटीन बंद झाल्यामुळे असं होतं आणि ते कमी होत जातं हे माहीत असलं की धीर येतो. तलफ आली की लगेच त्याला फोन लावायचा, मॅच, ट्रॅफिक, काहीही बोलायचं, कारण तलफेचा जोर पाच-दहा मिनिटंच असतो, तेवढी वेळ निभावली की झालं. चहाची वेळ सगळ्यात अवघड, म्हणून दोघांनी टपरीच बदलली. मध्ये एका पार्टीत त्याने ओढली, फार खचला होता बिचारा, मी एवढंच म्हटलं की सकाळी चालायला ये, आणि आला तो! निकोटीन गम पण डॉक्टरांना विचारून घेतलं, ते सलग चघळायचं नसतं, थोडं चावून गालात धरायचं. कोणाला असा जोडीदार नसेल तर 1800-11-2356 वर फोन करा, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फुकट आहे, समुपदेशक नीट बोलतात.