टाके शिकताना गाणं कधी लावायचं

पहिले दोन आठवडे गाणं बंद. सर्जरीचे टाके शिकणारे ज्युनिअर डॉक्टर तोंड वाकडं करतात, पण हात बसलेला नसताना डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नसते.

सरावाला टॉवेलांच्या सोलापूरसारखं गाव नाही. जुना टर्किश टॉवेल फळीवर ताणून ठोका, 3-0 सिल्क (3-0 जाडीचा टाक्यांचा रेशमी धागा) घ्या. सुई कापडात काटकोनात शिरली पाहिजे, पुढचं काम मनगटाच्या वळणाचं. टॉवेलचे फासे ओढले जाताहेत? म्हणजे सुई फिरवत नाही, ढकलताय.

गप्पा मारता मारता दहा टाके सारख्या अंतरावर पडू लागले, की मग गाणं लावा. ओळखीचं, बारीक आवाजात. गड्ड्यातलं, म्हणजे इथल्या सिद्धेश्वर जत्रेतलं दणदणाटी गाणं, गड्ड्यात. आणि आधी डाउनलोड करून ठेवा. मध्येच जाहिरात किंचाळली तेव्हा मी स्वतःच्याच बोटात सुई टोचून घेतली आहे.

दहा टाके गाण्यासह, दहा गाण्याविना. वेळ लिहा, अंतर पट्टीने मोजा. वेळ घटला पण अंतर बिघडलं, तर गाण्याने नुसती घाई लावली.

1994 च्या एका अमेरिकन प्रयोगात 50 सर्जन स्वतः निवडलेल्या संगीतावर जास्त शांत राहिले, हे मला नेहमी ऐकवतात. अहो, ते मुरलेले सर्जन होते, आणि काम आकड्यांच्या वजाबाकीचं होतं, टाक्यांचं नव्हे!

ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन घसरला की तो मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरतो. तो सूर गाणं चालू असतानाही ऐकू आलाच पाहिजे. भूलतज्ज्ञ मॅडमनी हात वर केला की गाणं बंद, कारण विचारायचं नाही. मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजतानाही बंदच.