झाडतोडीच्या कामावर नवीन लागताय? या चुका टाळा

पाऊस सरला, वाटा सुकल्या की कोकणात तोडीची कामं निघतात ती मे अखेरपर्यंत चालतात. टोळी लहानच असते. मुकादम, चेनसॉ म्हणजे लाकूड कापायचं मशीन चालवणारा मशीनवाला, दोन-तीन गडी आणि टेंपो. दर हंगामाला एखादा नवा मुलगा येतो आणि आधीच्या मुलाने केलेल्या चुकाच पुन्हा करतो. त्यातल्या काही चुकांना दुसरी संधी नसते, म्हणून जरा कडक लिहितोय.

आल्या आल्या मशीन मागणं

"मशीन कधी हातात देणार?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. मुलाने फोनवर व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात झाड पडताना दिसतं, पण मशीनवाला त्याआधी झाडाभोवती फिरून काय काय बघतो ते कोणी दाखवत नाही. शेंडा कुठे झुकलाय, जास्त फांद्यांचा भार कुठल्या अंगाला, बुंधा ठोकल्यावर पोकळ वाजतो का, वर सुकी फांदी लटकते आहे का. गारंबीचा वेल शेजारच्या झाडात गेला असेल तर पडणारं झाड शेजाऱ्याची फांदी ओढून खाली आणतं, आणि ती फांदी कुठे पडेल ते सांगता येत नाही.

हे सगळं फांद्या ओढताना आणि दोर धरताना कळतं. त्यामुळे माझ्याबरोबर येणारा मुलगा पहिला हंगाम मशीन चालवत नाही. त्याच्या हातात मी आधी गोल कानस देतो. चेनचा एकेक दात एकाच कोनात घासायला शिकला की त्याला मशीन समजायला लागतं. धार असेल तर ढलप्या पडतात, पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली. बोथट मशीन माणूस अंगाच्या जोराने दाबतो, आणि तिथेच घात होतो. बारच्या, म्हणजे चेन ज्या पात्यावर फिरते त्याच्या, टोकाची वरची बाजू लाकडात लागली की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. फिरती चेन थांबवणारा चेन ब्रेक त्यासाठीच आहे. तो बिघडला असेल तर मशीन त्या दिवशी बंद. "आजचा दिवस चालवून घेऊ" हे मी ऐकून घेत नाही.

झाड पाडायची रीत थोडक्यात सांगतो, कारण बघताना ती कळायला हवी. ज्या बाजूला पाडायचं तिकडे बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, मागचा काप. दोन्हींच्या मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाची पट्टी न कापता राहिली पाहिजे. झाड त्या पट्टीवर वळत खाली येतं. घाई करणारा ती पट्टी कापून टाकतो, आणि मग झाड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

चुकीच्या जागी उभं राहणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे. नव्या गड्याचं पहिलं काम योग्य जागी उभं राहणं हे आहे, हात चालवणं त्याच्यानंतर.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली, मंडणगडपर्यंत बागाच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर बरेच दिवस उन्मळून पडलेली झाडं कापायचंच काम होतं. दापोलीकडे एका आगरात, म्हणजे बागेत, जुना आंबा मुळांसकट उपटून गडग्यावर, दगडी कुंपणावर, आडवा झाला होता. मुळांचा गड्डा माती-दगडांसह माणसाच्या डोक्याच्या वर उभा, आणि त्याच्या मागे मोठा खड्डा. मशीनवाला खोडावर काप घेत होता, मी शेंड्याकडच्या फांद्या ओढत होतो. टोळीत एक नवीन मुलगा होता. बागायतदाराचा पंपाचा पाइप त्या खड्ड्यात अडकलेला त्याला दिसला, आणि तो न सांगता खाली उतरून पाइप ओढायला लागला.

खोडाचं वजन होतं म्हणून तो गड्डा उभा होता. खोड तुटलं की मुळं मातीसकट मागे जातात, पुन्हा आपल्या खड्ड्यात. हे त्या मुलाला माहीत नव्हतं आणि मशीनवाल्याला पलीकडचा खड्डा दिसत नव्हता. मशीनच्या आवाजात हाक पोचत नाही. मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, दचकला तर मशीन फिरतं. मी वळसा घालून मशीनवाल्याच्या समोर, अंतर राखून, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. त्याने मशीन बंद केलं. मुलगा वर आला तो वैतागूनच, अर्धा पाइप निघाला होता म्हणून.

मग उरलेला काप पूर्ण केला. गड्डा क्षणात मागे गेला, जमीन हादरली आणि बुंधा सरळ उभा राहिला. खड्डा राहिलाच नाही. पाइपचं एक टोक तेवढं मातीतून बाहेर दिसत होतं. मुलगा बराच वेळ खाली बसून होता.

त्या दिवसापासून मशीन सुरू करण्याआधी मी माणसं मोठ्याने मोजतो. प्रत्येकाने "हो" म्हणायचं आणि मला दिसायचं. एक जरी दिसला नाही तरी मशीन सुरू करायची दोरी ओढायची नाही. पडलेल्या झाडाचं खोड गड्ड्यापासून चार-पाच हात लांब ठेवून कापायचं, आणि गड्डा दोराने पलीकडच्या भक्कम झाडाला आधी बांधायचा. यात वेळ जातो. जाऊ दे.

उभं झाड पाडताना मशीनवाल्याशिवाय बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीएवढं लांब राहायचं. मशीनवाल्याने पळायची वाट आधीच साफ करून घ्यायची, झाड पडणार त्याच्या उलट्या अंगाला पण तिरपी. सरळ मागे पळू नका, बुंधा मागे उसळतो.

अडकलेल्या झाडाखाली जाणं

आकेशियाच्या दाट लागवडीत पाडलेलं झाड शेजारच्यावर अडकतं हे रोजचंच. नवा मुलगा दोन गोष्टी करतो: ज्यावर ते अडकलंय ते झाड कापायला जातो, नाहीतर अडकलेल्याखाली शिरून बुंधा खांद्याने ढकलतो. दोन्ही करू नका. लांबून दोर किंवा चेनपुली लावून बुंधा बाजूला ओढायचा. नाहीच निघालं तर भोवती दोर बांधून जागा बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी आणायचा. जेवायला अशा अडकलेल्या झाडाच्या सावलीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

वाकून ताणलेल्या फांदीला ताणलेल्या बाजूने पहिला काप देऊ नका, फाटून अंगावर येते. आधी दाबलेल्या बाजूला थोडा काप, मग ताणलेल्या बाजूला, आणि स्वतः बाजूला उभं राहून.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) अंदाजाने ओतू नका. डब्यावर 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40. नुसत्या पेट्रोलवर मशीन सीझ होतं. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालायची सवय सगळीकडे आहे, मला ती पटत नाही.

चप्पल, लुंगी आणि गळ्यात मोकळा टॉवेल घालून येऊ नका. पाल्यात आणि जांभ्या दगडांच्या फटीत फुरसं हा विषारी साप असतो, हात घालण्याआधी काठीने ढवळा. ओंबील (चावऱ्या लाल मुंग्या) असलेला आंबा सकाळीच ओळखून ठेवा. फणस कापायचा असेल तर हाताला खोबरेल लावा. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, मुकादम काहीही म्हणो.

कागद न बघता टेंपोत चढणं

नवीन मुलांना वाटतं, कागद ही मालकाची गोष्ट. पण रात्री नाक्यावर टेंपो थांबतो तेव्हा ओंडक्यांवर बसलेला गडीही त्यात असतो. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाने 2013 साली तोडीवर बंदी घातली. देवरहाटीतल्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातल्या, झाडाला मी कागद असला तरी हात लावत नाही.

तोड सुरू होण्याआधी मुकादमाला परवानगी दाखवायला सांगा, आणि माल भरताना वाहतुकीचा पास बघा. पासावरची झाडाची जात आणि टेंपोतलं लाकूड जुळवून पाहा. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी खवल्यांची असते, ती एकदा पाहिली की विसरत नाही. जुळत नसेल तर खाली उतरा आणि एसटीने घरी जा.